व्यायामाला उठवायचं कसं?



मी कोलकात्याच्या न्यू टाउनमधून बोलतोय. मूळचा सातारा जिल्ह्यातला. फौजेत तीस वर्षांहून जास्त नोकरी झाली. शेवटची पोस्टिंग कोलकात्याला होती. मुलगी इथेच आयटीत नोकरीला लागली, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघंही इथेच राहिलो. आता माझं वय सदुसष्ट आहे. २०१७ साली माझ्या पत्नीला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचे शब्द वापरायचे तर ती शुभार्थी आणि मी शुभंकर. 'रुग्ण' आणि 'केअरटेकर' यांच्यापेक्षा हे शब्द मला आवडतात. हे बोलणं रेकॉर्ड करायला तिची परवानगी घेतली आहे. ती शेजारच्या खोलीत बसून ऐकतेय. मी काही चुकीचं सांगितलं तर तिथून आवाज येईल, तो तुम्हालाही ऐकू जाईल.

पार्किन्सन्समध्ये व्यायाम महत्त्वाचा आहे, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. डॉक्टर सांगतात, फिजिओथेरपिस्ट सांगतात. हे पटत नाही असं कुणीच म्हणत नाही. अडचण पुढेच असते. सकाळ होते, माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि उठत नाही. त्याला उठवायचं कसं? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचंय, कारण तो सोडवताना मी मोठ्या चुका केल्या आहेत.

आधी थोडी माहिती. मेंदूच्या एका भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असतात. पार्किन्सन्समध्ये त्या कमी कमी होत जातात. डोपामिन कमी झालं की हालचाली मंद होतात, स्नायू ताठरतात, काहींना कंप येतो, तोल जातो. चालणं, कुशीवर वळणं, खुर्चीतून उठणं ही कामं आपण विचार न करता करतो. शुभार्थीला मात्र त्यातल्या प्रत्येक कामाकडे लक्ष द्यावं लागतं. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला. त्याचा जन्म ११ एप्रिल १७५५चा, म्हणून ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. दोनशे वर्षं उलटली, पण आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. लेव्होडोपासारखी औषधं लक्षणं आटोक्यात ठेवतात. त्यांच्या जोडीला व्यायाम केला तर चालणं, तोल, पोट साफ होणं, झोप आणि मन यांना फायदा होतो. व्यायामाने पार्किन्सन्स बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. तसं कुणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आता माझ्या चुका.

निदान झालं तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या हातातलं काम. आयुष्यभर जवानांना पीटी करायला लावली, एका माणसाला करायला लावणं काय अवघड? मी वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. पहाटे साडेपाचला उठणं, पावणेसहाला खाली फिरायला, परत आल्यावर स्ट्रेचिंग, मग प्राणायाम. पहिले पंधरा दिवस ती आली. नंतर ती "आज नको" म्हणू लागली. मी आवाज चढवला. "अगं, एवढं साधं होत नाही का तुझ्याच्याने? सगळा आळस आहे."

मंडळी, हा 'आळस' शब्द मी तेव्हा किती वेळा वापरला, ते आठवलं की आजही लाज वाटते. डोपामिन फक्त हालचालीसाठी लागत नाही. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, तिला हात घालणं, यासाठीही ते लागतं. त्यामुळे पार्किन्सन्समध्ये अनेकांना निरुत्साह येतो, कुणाला नैराश्य येतं. ती आजाराचीच लक्षणं आहेत, जसा कंप हे लक्षण आहे. हात थरथरतोय म्हणून आपण कुणावर ओरडत नाही, मग उठवत नाही म्हणून का ओरडायचं? हे मला डॉक्टरांनी समजावलं, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

२०१८च्या डिसेंबरमधली एक सकाळ. थंडी होती, धुकं होतं. तिची सकाळची पहिली गोळी सातला असायची आणि मी तिला पावणेसहाला खाली नेत होतो. म्हणजे रात्रीच्या गोळीचा असर संपलेला आणि सकाळची अजून पोटात गेलेली नाही, अशा वेळी. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या आहेत. मी पुढे चाललो होतो आणि मागे न बघता म्हणत होतो, "चल, चल, उशीर होतोय." तिसऱ्या पायरीवर तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले आणि शरीर पुढे गेलं. उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यातून परत येताना टॅक्सीत ती एवढंच म्हणाली, "अहो, मी तुमची जवान नाही."

त्यानंतर चार-पाच महिने व्यायाम बंद. प्लास्टर निघालं तरी पडण्याची भीती गेली नाही. ती खुर्चीत बसायची आणि मीही काही बोलायचो नाही, कारण बोलायला तोंडच उरलं नव्हतं. त्या काळात तिचं चालणं माझ्या डोळ्यांदेखत खालावलं. पावलं आखूड झाली. पाठीला पोक आला. बाथरूमला जायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला. पडण्याच्या भीतीने माणूस हलत नाही, न हलल्याने स्नायू आणि तोल कमजोर होतात आणि त्यामुळे पडण्याची शक्यता आणखी वाढते. हे चक्र मी घरात बघत होतो.

बदल झाला २०१९च्या दुर्गापूजेत. आमच्या संकुलात पूजा असते. समोरच्या फ्लॅटमधल्या बोउदी अष्टमीला आल्या आणि हिला जवळजवळ ओढूनच खाली घेऊन गेल्या. मी गोळीची वेळ बघितली, पाऊण तास झाला होता, तेव्हा म्हटलं जाऊ दे. मंडपाच्या दारात पोचल्यावर ती थिजली. माणसांची गर्दी आणि अरुंद वाट दिसली की बऱ्याच शुभार्थींचे पाय असे अडकतात. मी धावत पुढे जाणार, तेवढ्यात ढाक वाजायला लागला. बंगालचा ढाक तुम्ही ऐकला नसेल तर आपला ढोल आठवा. ठेका सुरू झाला आणि हिचा पाय उचलला. मग दुसरा. ठेक्यावर पावलं टाकत ती आत गेली, आणि आत बायकांमध्ये उभी राहून हातही हलवायला लागली.

मी बाजूला उभा राहून बघत होतो. घरी आल्यावर तिला विचारलं, "कसं जमलं?" ती म्हणाली, "पायांना कुणीतरी सांगत होतं कधी उचलायचं ते. मंगळागौरीला फुगडी घालायचो ना, तसं वाटलं."

पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टना हे सांगितलं. त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, याला बाहेरचा संकेत म्हणतात. मेंदूत आपोआप चालणारी लय बिघडलेली असते. बाहेरून लय दिली, जमिनीवर रेषा दिली, की चालण्याला दुसरी वाट मिळते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फौजेत ड्रिल कशावर चालतं? लयीवरच. तेज चालीची गती मिनिटाला साधारण १२० पावलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं झांज पथक तुम्ही पाहिलं असेल. झांजेच्या ठेक्यावर पन्नास पाय एकदम उचलतात. आयुष्यभर ज्या गोष्टीवर जगलो ती घरात उपयोगी पडणार होती आणि मी मात्र फ्रिजवर वेळापत्रक चिकटवत बसलो होतो.

आम्ही सुरुवात कॉरिडॉरमध्ये केली. आमच्या मजल्यावरचा कॉरिडॉर लांब आहे, मोजून पंचेचाळीस पावलं. फरशीवर पावलाच्या अंतराने रंगीत टेपच्या पट्ट्या लावल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल मोठं पडतं. मोबाइलवर मेट्रोनोम लावला, मिनिटाला नव्वद ठोके, कारण १२० तिला झेपत नव्हते. नंतर मेट्रोनोम तिला कंटाळवाणा वाटू लागला, म्हणून ती भोंडल्याची गाणी गुणगुणू लागली आणि मी टाळी वाजवू लागलो. शेजारपाजारचे सुरुवातीला दारं उघडून बघायचे. आता बोउदी स्वतःच आमच्याबरोबर चालतात. त्यांना मधुमेह आहे, त्यांचंही काम होतं.

ड्रिलमधली एक सवय मात्र मला सोडावी लागली. 'पीछे मुड' म्हणजे जागच्या जागी गर्रकन वळणं. पार्किन्सन्समध्ये सगळ्यात धोक्याचं तेच. पाय एकमेकांत अडकतात आणि माणूस पडतो. फौजेत दुसरा हुकूम आहे, 'घूम'. त्यात चालता चालता मोठा वळसा घेऊन दिशा बदलायची. मी तिला सांगितलं, घरात आता मुड बंद, फक्त घूम. स्वयंपाकघरात ओट्याकडून फ्रिजकडे वळतानासुद्धा छोट्या छोट्या पावलांचा वळसा. अजूनही विसरली की मी "घूम!" म्हणतो आणि ती हसते. हा एवढा हुकूम तिने चालू ठेवायला परवानगी दिली आहे.

मंडळी, आता तुम्हाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगतो.

पहिली, वेळ. ज्या वेळी गोळीचा असर चांगला असतो, ज्याला 'ऑन' काळ म्हणतात, त्या वेळी व्यायाम ठेवा. प्रत्येकाचा हा काळ वेगळा असतो. आठवडाभर वहीत लिहून काढा: गोळी किती वाजता, हालचाल मोकळी कधी वाटली, जड कधी वाटली. आमच्याकडे सकाळी आठ ते नऊ हा तास चांगला निघाला. साडेपाच ही माझी वेळ होती, तिची नव्हती.

दुसरी, कुठला व्यायाम. जाणकार चार प्रकार सांगतात: दम वाढवणारा, ताकद वाढवणारा, तोल सांभाळणारा आणि स्नायू ताणणारा. अमेरिकेतलं पार्किन्सन्स फाउंडेशन आठवड्याला एकूण १५० मिनिटांचं लक्ष्य सांगतं. हा आकडा ऐकून घाबरू नका. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. आम्ही सुरुवात दिवसाला आठ मिनिटांनी केली होती.

तिसरी, अभ्यास काय सांगतात. २०१८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १२८ शुभार्थी होते, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले, औषधं अजून सुरू न झालेले. त्यातल्या ज्यांनी सहा महिने ट्रेडमिलवर दम लागेल असा व्यायाम केला, त्यांची हालचालीची लक्षणं फारशी वाढली नाहीत. नेहमीसारखे राहिले त्यांची वाढली. २०१९ साली नेदरलँड्समध्ये १३० जणांवर अभ्यास झाला. अर्ध्या लोकांना घरी स्थिर सायकल दिली आणि ती चालवणं खेळासारखं वाटावं म्हणून समोर पडदा जोडला. उरलेल्यांना स्ट्रेचिंग दिलं. सहा महिन्यांनी सायकलवाल्यांची स्थिती सरस होती. मला यातली खेळाची गोष्ट महत्त्वाची वाटते. मजा आली तरच माणूस सहा महिने टिकतो. २०१२ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ताई ची या संथ चिनी व्यायामावर. त्याने तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. मात्र जोरदार व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास असेल, उठल्यावर रक्तदाब खाली येऊन चक्कर येत असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त.

सायकलवरून आठवलं. नेदरलँड्सच्याच डॉक्टरांनी २०१० साली एका अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थांची हकीकत मांडली होती. त्यांना दोन पावलं धड चालता येत नव्हती, पण सायकल ते सफाईने चालवायचे. आमच्या न्यू टाउनमध्ये सायकलसाठी वेगळे मार्ग आहेत, तेव्हा मला लगेच मोह झाला. तिने मनगट पुढे करून दाखवलं. स्थिर सायकल आणली. ती बरोबर होती.

चौथी, नाच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून पार्किन्सन्ससाठी नृत्याचे वर्ग चालतात. आपल्या पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकाने शुभार्थींसाठी असा वर्ग सुरू केला. मोठी हालचाल, लय, संगीत आणि सोबत, सगळं त्यात एकत्र येतं. तुमच्या गावात वर्ग नसेल तर टाळी आहे, झिम्मा आहे, लेझीम आहे. शाळेत शिकलेली लेझीम हातांना आठवते का, बघा. सुरुवात बसून करा, तोल असेल तरच उभं राहून. फुगडीचा मात्र प्रयोग नको.

पाचवी, सोबत. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून काम करते. पुण्याचं मित्रमंडळ मराठीतून काम करतं. लॉकडाउनमध्ये सगळ्यांना ऑनलाइन भेटायची सवय लागली, त्याचा आमच्यासारख्या दूर राहणाऱ्यांना फार फायदा झाला. हिला इथे मराठी बोलायला माणूस क्वचित मिळतो. हाजरा रोडचं महाराष्ट्र निवास न्यू टाउनहून लांब पडतं. पडद्यावर दहा मराठी चेहरे दिसले की ती कॅमेऱ्यासमोर खुर्ची ओढून बसते. माझ्या सांगण्याने जे झालं नाही, ते पडद्यावरच्या एका बाईंच्या "काल आला नाहीत?" या प्रश्नाने झालं.

सहावी, शुभंकरांसाठी. मागून ढकलू नका, पुढून ओढू नका, शेजारून चाला. पाय अडकले तर "चल चल" म्हणू नका. थांबायचं, श्वास घ्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवायचं आणि मग मोठं पाऊल. रस्ता ओलांडताना गप्पा बंद, कारण चालणं आणि बोलणं ही एकाच वेळी दोन कामं होतात. निवड त्यांची असू द्या. "व्यायाम करायचा का?" असं मी आता विचारत नाही, त्याचं उत्तर 'नाही'च येतं. "आधी कॉरिडॉर की आधी खुर्ची?" असं विचारतो. खुर्ची म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. पाय थोडे मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि उठायचं. सुरुवातीला तीनदा व्हायचं, नंतर दहादा जमू लागलं.

आणि एखादा दिवस बुडाला तर बुडू द्या. इथे वैशाखात घामाने जीव नकोसा होतो, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं. बाहेर जमत नाही तेव्हा कॉरिडॉर असतो. हिवाळ्यात, ऊन वर आलं की, आम्ही इको पार्कला जातो. तळ्याच्या कडेने चालतो, दर थोड्या अंतरावर बसतो. पूर्वी मी किती पावलं झाली ते मोजायचो. आता ती सांगते तेव्हा थांबतो.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, आता सगळं छान चाललंय. तसं नाही. आजार पुढे जातोय. गोळ्यांची संख्या वाढलीये. गेल्या वर्षापासून बाहेर जाताना ती वॉकर घेते. काही सकाळी ती माझ्याकडे बघते आणि नुसती मान हलवते. त्या दिवशी मी शेजारी बसतो आणि आम्ही चहा पितो. अकरा वाजता पुन्हा विचारतो. कधी जमतं, कधी नाही. पण मनगट मोडलं त्यानंतर खुर्चीत जे महिने गेले, तसे पुन्हा आले नाहीत. अजून ती स्वतः उठते, स्वतः बाथरूमला जाते, स्वतःची वेणी स्वतः घालते. वेणीला वीस मिनिटं लागतात. मी मध्ये बोलत नाही.

बघा, आतून आवाज आला. ती म्हणतेय, "पंचवीस लागतात, खरं सांगा." बरं, पंचवीस.

तर मंडळी, हा व्हिडिओ बंद केल्यावर एकच करा. तुमच्या शुभार्थीच्या शेजारी खुर्ची ओढा आणि दोघांनी मिळून तीनदा उठा-बसा. 'दोघांनी' हे महत्त्वाचं. उद्या पुन्हा तीनदा. पाच कधी करायचे ते त्यांना ठरवू द्या. तुमच्याकडे काय जमलं, काय जमलं नाही, ते जरूर कळवा. मलाही अजून शिकायचंय.

आता नऊ वाजत आलेत, आमचा कॉरिडॉर वाट बघतोय. भेटूया पुढच्या भागात.